चार तारे पुरे पडत नाहीत

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि दिवाळी अंकांत सिनेमा-गाण्यांविषयी लिहीत आलो त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मधल्या काळात एकपडदा टॉकिजांची मल्टिप्लेक्स झाली, कॅसेट गेली, सीडी आली आणि गेली, गाणी फोनमध्ये जाऊन बसली. शुक्रवार मात्र तोच राहिला. शुक्रवारी सिनेमा लागतो आणि रविवारच्या अंकात तुमचं मत छापून यावं लागतं. या धावपळीत जे पदरात पडलं ते इथे मांडतो. क्रमाला फार अर्थ नाही, फक्त पहिला मुद्दा मी पहिलाच ठेवीन.

१. विशेषणाआधी दृश्य

नव्याने लिहू लागलेली मुलं-मुली आपली परीक्षणं मला वाचायला देतात. 'अप्रतिम छायाचित्रण', 'श्रवणीय संगीत', 'कसदार अभिनय' हे शब्द त्यात हमखास असतात. ते सिनेमा न पाहताही लिहिता येतात, म्हणून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मी त्यांना सांगतो, जे आवडलं किंवा खटकलं ते पडद्यावर नेमकं कुठे होतं, ते आधी दाखवा.

'फँड्री' घ्या. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २०१४ साली १४ फेब्रुवारीला लागला. शाळकरी वयातली प्रेमकथा असेल म्हणून पुष्कळ जण गेले. शेवटाकडे नायक जब्याचं अख्खं घर गावातलं डुक्कर धरायला धावतंय. फास टाकलेत, आरडाओरडा चाललाय, डुक्कर आता हाती येणार, आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. धावणारी माणसं जागच्या जागी ताठ उभी राहतात. डुक्कर त्यांच्यादेखत निघून जातं. राष्ट्रगीत संपेपर्यंत कुणी हलत नाही.

थिएटरात इथे हशा पिकतो. तो विरायच्या आत लक्षात येतं की देशाचा मान राखण्यात ही माणसं कुठेही कमी पडलेली नाहीत. कमी पडलेला आहे तो गाव. पुढे धरलेलं डुक्कर काठीला टांगून ती शाळेच्या भिंतीवरून जातात आणि भिंतीवर आंबेडकर, फुले रंगवलेले आहेत. त्यावर कुणी भाष्य करत नाही, पार्श्वसंगीत उसळत नाही. मागे भिंत, पुढे माणसं, बस्स.

एवढं लिहिलं की 'जातीवर परखड भाष्य करणारा चित्रपट' हे वाक्य लिहायची गरजच राहत नाही. शिवाय ज्याला ते दृश्य ओढून आणलेलं वाटलं असेल, त्याला माझ्याशी भांडायला जागा मिळते. परीक्षणात ही जागा असलीच पाहिजे. वाचकाला माझ्या मताच्या मुळाशी जाऊन ते तपासता आलं नाही, तर त्या मताचा त्याला काय उपयोग?

२. गर्दीचा सिनेमा गर्दीतच पाहावा

प्रेस शोला पंधरावीस जण असतात. एसी मंद, हातात चहाचा कप, प्रत्येक जण वहीत काहीतरी टिपतोय. अशा खोलीत 'सैराट' पाहणं म्हणजे अर्धा सिनेमा पाहणं. २९ एप्रिल २०१६ ला तो लागला आणि लोक पडद्यापुढच्या मोकळ्या जागेत येऊन नाचू लागले. मराठी सिनेमाने शंभर कोटींचा पल्ला गाठल्याची बातमी नंतर आली, पण थिएटरात बसलेल्याला त्या बातमीची वाट पाहावी लागली नाही.

तेव्हा परीक्षणांत एक तक्रार वारंवार वाचायला मिळाली: पूर्वार्ध झकास, उत्तरार्ध लांबला. आजही चर्चा निघाली की कुणीतरी हेच म्हणतं. मला ही तक्रार पटत नाही, आणि का पटत नाही ते मला गर्दीत बसूनच कळलं.

'सैराट'ची चारही गाणी पहिल्या भागात आहेत. ट्रॅक्टर चालवणारी, बुलेटवर येणारी आर्ची, विहिरीकडे धावत सुटलेला परश्या, त्याचे मित्र सल्या आणि लंगड्या यांची सोबत, करमाळ्याच्या परिसरातलं पाणी आणि ऊस. अजय-अतुल यांनी या प्रेमाला लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केलेला सिंफनी वाद्यवृंद दिला. गावातल्या पोराच्या प्रेमाला एवढी व्हायोलिनं कशाला, असंही कुणी विचारलं होतं. मला वाटतं, तो वाद्यवृंद परश्याच्या डोक्यात वाजतोय. सिनेमे पाहून पाहून त्याला प्रेम असंच ऐकू येतं. पब्लिकलाही तसंच ऐकू येतं, म्हणून शिट्ट्या पडतात.

मग दोघं पळतात, हैदराबादला पोचतात आणि गाणी बंद होतात. झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, बाटल्यांच्या कारखान्यातलं काम, भाषा कळत नाही, संडासाला जायची पंचाईत. ज्या परश्यावर आपण इतका वेळ जीव टाकला तोच संशय घेतो आणि आर्चीवर भर रस्त्यात हात उचलतो. मी ज्या टॉकिजात बसलो होतो तिथे यावेळी चुळबुळ होती. माझ्या मागची पोरं मोबाईल काढत होती. त्यांना गाणं हवं होतं. हीच चुळबुळ दिग्दर्शकाला हवी असणार, कारण संसार असाच असतो. त्यात व्हायोलिनं वाजत नाहीत आणि तो लांबतो. एवढा वेळ त्या खोलीत काढल्याशिवाय, त्यांचं कमावलेलं छोटंसं घर आपलं वाटल्याशिवाय शेवट इतका खोल उतरला नसता.

त्या शेवटाला आवाज नाही. लहान मूल शेजारणीबरोबर घरी येतं, आत जातं, रडत बाहेर येतं आणि त्याच्या तळव्यांचे रक्ताचे ठसे उमटत जातात. थोड्या वेळापूर्वी मोबाईल काढणारी पोरं दिवे लागल्यावरही उठली नाहीत.

दोन वर्षांनी 'सैराट'चा हिंदी अवतार 'धडक' आला. काही चाली त्याच, संगीतकार तेच, गोष्ट उदयपूरची आणि पुढे कोलकात्याची. जातीचा प्रश्न इतका पातळ केला की बापाचा राग कशाबद्दल आहे हेच नीट उमगेना. शेवटही बदलला. तिथे मुलगी जिवंत राहते आणि नवरा-मूल मारले जातात. धक्का तोही देतो, पण तो क्षणाचा. 'सैराट'मध्ये मूल मागे राहतं. त्या मुलाचं पुढे काय, हा प्रश्न आपल्याबरोबर घरी येतो. दोन्ही सिनेमे एकामागोमाग पाहावेत. कुठलं दृश्य कशासाठी होतं, हे ते काढून टाकल्यावरच फार चांगलं कळतं.

३. रडणाऱ्या बाईला हसू नये

१९९१ साली 'माहेरची साडी' आला. विजय कोंडके यांचं दिग्दर्शन, अलका कुबल नायिका, खाष्ट सासू उषा नाडकर्णी. गावोगावच्या बायका ट्रॅक्टर-टेम्पो करून तो पाहायला गेल्या. शहरातल्या लिहित्या मंडळींना मात्र तो थट्टेला पुरला. 'रडूबाई सिनेमा' म्हटलं की काम झालं. कथा भडक आहे, योगायोगांचा भरणा आहे, कॅमेऱ्याने कुठे वेगळी वाट धरलेली नाही, हे सगळं मला मान्य आहे. पण एवढ्यावर थांबणाऱ्या परीक्षणाने त्या सिनेमाबद्दल महत्त्वाचं काहीच सांगितलेलं नसतं.

त्या बायका कशासाठी रडत होत्या? घरात सासूपुढे, नवऱ्यापुढे रडायची सोय नव्हती. अंधारात, चार ओळखीच्या बायकांच्या मध्ये बसून, पडद्यावरच्या लक्ष्मीच्या नावाने आपलं रडता येत होतं, आणि त्याबद्दल कुणी जाब विचारत नव्हतं. हे समजून घेतल्यावर खरी टीका करता येते. माझी टीका अशी आहे की त्या सिनेमाने बायकांचं दुःख बरोबर ओळखलं, आणि त्यावर त्यांना दिलं काय, तर आणखी सोसण्याचा मोठेपणा. सोसणारीला देवी करून टाकलं की छळणाऱ्याला फारसं काही बदलावं लागत नाही.

'बाईपण भारी देवा' २०२३ च्या जून अखेरीस लागला तेव्हा हा विचार पुन्हा मनात आला. नऊवारी नेसून, गॉगल लावून बायकांचे थवे मल्टिप्लेक्समध्ये येत होते. केदार शिंदे यांचा हा सिनेमा सहा बहिणींचा आणि मंगळागौरीच्या स्पर्धेचा. मांडणी ठिगळाठिगळांची आहे, प्रत्येक बहिणीच्या वाट्याला एकेक प्रश्न आणि एकेक उत्तर वाटून दिल्यासारखं वाटतं. तरीही यातल्या बायका एकमेकींवर चिडतात, जुने हिशेब काढतात, थकतात, आणि फुगडी घालताना त्यांचे गुडघे दुखतात. गुडघे दुखणाऱ्या बाईला नायिका म्हणून पडद्यावर बसवणं ही मराठी सिनेमात छोटी गोष्ट नाही. 'माहेरची साडी' पाहून रडलेल्या बाईची मुलगी हा सिनेमा पाहून हसत बाहेर आली असेल. या तीस वर्षांतल्या फरकावर लिहिलेलं मी फारच थोडं वाचलं. कमाईच्या बातम्या मात्र रोज होत्या.

४. गाणं आधी पेटीवर वाजवून पाहावं

अल्बमवर लिहायचं तर माझी एक पद्धत आहे. पहिल्या ऐकण्यात लिहायचं नाही. पहिल्यांदा कानात भरतं ते संगीत संयोजन: तालवाद्यांचा भरणा, मधले पीसेस, कोरस. त्याचा अंमल ओसरू द्यायचा. मग पेटी काढून नुसती चाल वाजवून पाहायची. मुखड्यावरून अंतऱ्यावर चाल सहज जाते का, की तिथे सांधा दिसतो? समेवर येताना शब्दाची मोडतोड होते का? ऱ्हस्व अक्षर दीर्घ करून ताणलंय का? पेटीवर नुसती चाल उभी राहिली तर ते गाणं लग्नाच्या बेंजो पार्टीतही टिकतं आणि बाळाला झोपवतानाही. चाल उभी राहत नसेल तर बाकीचं सगळं मांडवाची रोषणाई समजा.

या कसोटीला 'जैत रे जैत' हे मला कायम सगळ्यांत मोठं उदाहरण वाटत आलंय. १९७७ चा जब्बार पटेल यांचा चित्रपट, गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. ठाकरवाडीतली गोष्ट: नाग्या भगत, चिंधी, लिंगोबाचा डोंगर आणि त्यावरची मधाची पोळी. गाण्यांची संख्या इतकी आहे की दुसऱ्या कुठल्या सिनेमात ती जड झाली असती. इथे गाणीच गोष्ट पुढे नेतात. रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांचे आवाज गावकीचे होऊन येतात, आशाबाईंचा आवाज चिंधीचा होऊन येतो. पळसखेडच्या शेतात राबलेल्या कवीची बोली आणि डोंगरातला ठेका एकमेकांत असे मिसळलेत की आधी शब्द आले की चाल, हे सांगता येत नाही. वाद्यं मोजकी. दोन ओळींच्या मधली जागाही ऐकू येते.

अजय-अतुल यांच्याबद्दल माझी जी तक्रार आहे ती इथूनच येते. त्यांचा दर्जा निर्विवाद आहे. 'जोगवा'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो सर्वस्वी योग्य होता, आणि 'नटरंग'मध्ये त्यांनी लावणीला नव्या पिढीच्या तोंडी बसवलं. पण भव्यतेची सवय लागते. हळू सुरुवात, मग कोरस, मग सगळी तंतुवाद्यं एकदम वर चढणार, हा जिना त्यांच्या इतक्या गाण्यांत आलाय की पुढची पायरी आधीच कळते. 'सैराट'मध्ये त्या भव्यतेला कथेत जागा होती. जिथे तशी जागा नसते तिथे ती नुसती मोठी वाटते. आवडत्या संगीतकाराबद्दल हे लिहायला जड जातं. पण ज्याचं गाणं आपण मनापासून ऐकतो त्याच्याबद्दलच इतकं बारीक लिहिता येतं, हेही खरं.

आणखी एक. अल्बम म्हणजे गाण्यांची मोळी नाही, त्याला क्रम असतो. 'शिवकल्याण राजा' पाहा. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या १९७४ सालचं हे काम. रामदास, भूषण, सावरकर, कुसुमाग्रज अशा वेगवेगळ्या काळांतल्या, वेगवेगळ्या तऱ्हांच्या रचना, एक संगीतकार, लताबाईंचा आवाज आणि दोन गाण्यांच्या मध्ये बाबासाहेब पुरंदरे यांचं निवेदन. निवेदन काढा, रचनेत फट पडते. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या 'गारवा'तही कवितेचं वाचन आणि गाणं हातात हात घालून येतात, आणि पावसाळी हवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकते. फोनवर ही गाणी उलटीसुलटी, मधे जाहिरात घेऊन ऐकणाऱ्याला हा क्रम भेटतच नाही. अशा अल्बमवर लिहिताना वाचकाला सरळ सांगावं: पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका बैठकीत ऐका.

५. ज्यांच्यावर कुणी लिहिलं नाही त्यांची यादी करावी

हा मुद्दा माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

कॅसेटच्या जमान्यात महाराष्ट्रात सर्वांत जास्त ऐकू येणारे आवाज कुणाचे होते? एसटी स्टँडवर, रसवंतीगृहात, टेम्पोत, जत्रेत? प्रल्हाद शिंदे यांचा आवाज त्यात अगदी वरचा. पंढरीच्या वाटेवर त्यांचीच विठ्ठलगीतं, आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीबाहेरच्या स्टॉलवर त्यांचीच भीमगीतं. त्या गळ्याला वरच्या पट्टीत जाताना जराही ताण पडत नाही, शब्द शेवटच्या माणसापर्यंत स्वच्छ पोचतो. मैदानात, बऱ्याचदा धड माइक नसतानाही गाऊन कमावलेला तो आवाज होता. वामनदादा कर्डक यांची शेकडो गीतं माणसांनी वह्यांत उतरवून ठेवली. विठ्ठल उमप यांनी शाहिरी, कव्वाली आणि लोकगीत एकाच ताकदीने गायलं. आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं असं गाजलं की राज्यात लग्नाचा मांडव त्याच्याशिवाय उठत नव्हता.

याच काळातल्या पुरवण्या काढून पाहा. भावगीतांच्या मैफलींचे वृत्तांत आहेत, नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिकांवर लेख आहेत, गझलेवर वाद आहेत. या कॅसेटवर चार ओळी सापडल्या तर नशीब. वाईट म्हणून नाकारलं असतं तरी एक वेळ चाललं असतं, कारण नाकारायला आधी ऐकावं लागतं. इथे ऐकलंच गेलं नाही. डॉ. अशोक रानडे यांनी लोकसंगीताचं शास्त्र मांडलं, तो पाया हाती होता. त्यावर रोजच्या परीक्षणांची इमारत उभी राहिली नाही.

याचं नुकसान आज भोगतोय. 'सैराट'च्या गाण्यातली हलगी, लग्नाच्या वरातीतला बेंजो, आदर्श शिंदेचा खडा आवाज हे कुठून आलं, हे सांगायला आपल्याकडे लिहिलेला इतिहास नाही. जुन्या कॅसेटच्या वेष्टनांवर बऱ्याचदा वादकांची नावं नसतात, कधी सालही नसतं. ज्यांनी ढोलकी वाजवली, ज्यांनी चाल बांधली, ती माणसं वय झालेली आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसलं पाहिजे, नावं उतरवून घेतली पाहिजेत. मी माझ्या परीने हे काम सुरू केलंय. तरुणांनी यात यावं, अशी कळकळीची विनंती आहे.

६. संथ सिनेमाची बाजू घ्यायची तर घड्याळ दाखवून घ्यावी

'कोर्ट'ला २०१४ साली व्हेनिसमध्ये दोन मोठे पुरस्कार मिळाले, मग राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं, पुढे तो भारतातर्फे ऑस्करलाही गेला. पुरस्कारांची माळ वाचून लोक थिएटरात गेले आणि त्यातले काही मध्यंतरातच घरी परतले. त्यांना 'तुम्हाला सिनेमा कळत नाही' असं सांगणारी परीक्षणं मी वाचली आहेत. मला तो उर्मटपणा वाटतो.

चैतन्य ताम्हाणे कॅमेरा लांब ठेवतात आणि हलवत नाहीत. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा की त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये जीव दिला. वीरा साथीदार ही भूमिका असे जगले की अभिनय शोधावा लागतो. तारखा पडत राहतात. सरकारी वकील बाई कोर्टात कलमं वाचून दाखवतात, मग लोकलने घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाक करतात, सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर नाटकाला जातात. गीतांजली कुलकर्णींनी त्या बाईला खलनायिका होऊ दिलेलं नाही. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे विझतात आणि कॅमेरा त्या काळोख्या, रिकाम्या खोलीकडे बघत राहतो. बघणारा अस्वस्थ होतो. कांबळेंना मात्र ही अस्वस्थता कोठडीत बसून महिनोन् महिने काढायची आहे.

एवढं आधीच सांगितलं तर प्रेक्षक तयारीने जातो. मग त्याला तो आवडो न आवडो, फसवलं गेल्याची भावना तरी येत नाही.

७. 'आपल्या सिनेमाला सांभाळून घ्या'

मराठी चित्रसृष्टी लहान आहे. ज्याच्या सिनेमावर शुक्रवारी लिहायचं तो मंगळवारी नाटकाच्या मध्यंतरात भेटतो. एका निर्मात्याच्या कचेरीतून मला एकदा फोन आला होता. धमकी वगैरे काही नव्हती. आवाज अगदी मऊ: 'दादा, हिंदीच्या गर्दीत मोठ्या मुश्किलीने शो मिळालेत, जरा सांभाळून घ्या.' शो मिळत नाहीत हे अगदी खरं आहे. मराठी सिनेमाला सकाळी नऊची आणि दुपारी तीनची वेळ देऊन बोळवण करतात, आणि त्यावर मी पोटतिडकीने लिहीत आलोय. पण तो लढा थिएटरवाल्यांशी आहे. प्रेक्षकाने तिकीट, पार्किंग, पोरांचे पॉपकॉर्न धरून हजार-दीड हजार घालायचे आणि आपण त्याला अर्धकच्च्या सिनेमाला पाठवायचं, हे भाषाप्रेम होत नाही. दोनदा फसलेला माणूस तिसऱ्या वेळी चांगल्या मराठी सिनेमालाही येत नाही.

८. लोकप्रिय आणि थोर एका जागी नांदतात

'संत तुकाराम' १९३६ चा. दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, प्रभातची निर्मिती. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही गौरवला गेला. म्हणजे भाविकांनी डोक्यावर घेतला आणि परदेशी जाणकारांनीही. तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीस यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्याहून जास्त ओढ आहे ती गौरीबाईंच्या जिजाईची. म्हशीला धुणारी, तिच्याशी बोलणारी, मूल आजारी पडल्यावर हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळाकडे निघालेली ही बाई. तिच्यामुळे त्या सिनेमातल्या भक्तीला घर मिळालं, चूल मिळाली. तुकोबा आकाशात निघाले तरी ही जमिनीवरच राहते.

संगीत केशवराव भोळ्यांचं. हेच केशवराव 'एकलव्य' या नावाने गायकांवर परखड लिहीत असत. गाणं ऐकून त्याचं मोजमाप करणारा आणि स्वतः चाल बांधून जगापुढे ठेवणारा माणूस एकच. शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलेलं एक पद तुकोबांच्या वळणाशी इतकं मिळतंजुळतं झालं की कैक जणांनी ते गाथेतलंच मानलं. या कामावर आज लिहिणाऱ्याने गल्ल्याचा विचार वेगळा आणि कलेचा वेगळा असं कप्पेबंद लिहायला घेतलं, तर त्याला पहिल्याच परिच्छेदात अडखळावं लागेल.

९. तारे आणि कोटी

साडेतीन तारे म्हणजे काय, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. संपादकांना ते हवे असतात, वाचक आधी तेच बघतात, म्हणून देतो. कमाईचे आकडे मात्र परीक्षणात घालायचं मी बंद केलंय. ते अर्थपानावर जावेत.

१०. सुट्या गाण्यांवर लिहायची वेळ आली आहे

आता अल्बम फारसे निघत नाहीत, एकेक गाणं निघतं. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' आलं. हाऊस संगीताचा सरळसोट ठेका, त्यावर खास मराठी शब्द, आणि ते बाजारात आणलं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने. रील्समधून ते जिकडेतिकडे वाजलं. बातम्या आल्या त्या ते किती लोकांनी ऐकलं याच्या. शब्दांवर, ठेक्यावर, त्यातल्या मराठीपणावर सविस्तर लेख फारसे दिसले नाहीत.

खरं तर लिहायला पुष्कळ आहे. सावळ्या रंगाबद्दल अभिमानाने गाणं, तेही नाचाच्या गाण्यात, आपल्याकडे किती वेळा झालं? लावणीपासून सिनेमापर्यंत गोरेपणाचीच तारीफ ऐकत आलेल्या कानांना हे कसं लागतं? मराठीतली जोडाक्षरं त्या यांत्रिक ठेक्यावर पडतात तेव्हा ती ताशाच्या काठीसारखी वाजतात की ठेक्यात बुडून जातात? पुढच्या अंकासाठी मी हाच लेख लिहायला घेतला आहे. गाणं पेटीवर वाजवून झालं, चाल दोन-तीन सुरांतच फिरते. आता ते गणपतीच्या मिरवणुकीत, पोरांच्या घोळक्यात उभं राहून ऐकायचं बाकी आहे.